समान वाटणी

मृत्यूच्या डोळ्याला डोळा भिडवण्याचं धैर्य आम्हा खांबेट्यांच्या रक्तातच आहे.

हे वाक्य बाबांचं. ते त्यांनी पहिली चक्कर येऊन बेसिनखालच्या लादीवर उताणे पडलेले असताना उच्चारलं. त्याला लागून दुसरं वाक्य होतं, “मधूला कळवू नका, ती घाबरेल.” आणि जरा वेळाने तिसरं, “कळवलं का मधूला?” आमच्या रक्तात धैर्याखेरीज आणखी काय काय आहे त्याचे रिपोर्ट माझ्या फोनमध्ये आहेत. साखर आहे, कोलेस्टेरॉल आहे. धैर्याचा रकाना लॅबवाले छापत नाहीत.

दुसरी चक्कर गरियाहाट बाजारात आली, तीही मासळीच्या बाजूला. आमच्या घराण्यात माशांच्या इतक्या जवळ पोचलेले बाबा पहिलेच. मासेवाल्याने त्यांना उलट्या घातलेल्या क्रेटवर बसवून तोंडावर पाणी मारलं. ते पाणी कुठलं होतं, या आईच्या प्रश्नाला अजून उत्तर मिळालेलं नाही.

तिसरी चक्कर घरातच आली, नाश्ता झाल्यावर, टीव्हीसमोर. तेव्हा बाबांनी निरवानिरव करायची ठरवली.

निरवानिरव म्हणजे रविवारी सकाळी सगळ्यांनी बालीगंजच्या फ्लॅटवर जमायचं. मधुताई पुण्याहून विमानाने आली. मी, सुरुची आणि आमची नूपुर न्यू टाउनहून आलो. मी कलकत्त्यातच राहतो, आईबाबांजवळ राहतो, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे बालीगंजला पोचायला मला ताईपेक्षा थोडाच कमी वेळ लागतो, आणि ती तर विमानातून खाली बघत येते.

पुढे मी जे सांगणार आहे त्यात कोणाच्या मनात काय चाललं होतं तेही येईल. मी अंतर्यामी नाही. पण आमच्याकडे मनातलं कोणी मनात ठेवत नाही. ज्याच्याबद्दल असतं तेवढा एक माणूस सोडून बाकी सगळ्यांना ते सांगितलं जातं. कुटुंबातले सगळे घोळ याच एका सवयीतून झाले आहेत. त्या रविवारचाही.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. बँकेतून निवृत्त होऊन युगं लोटली, तरी महत्त्वाचं काही वाचायचं तर अंगात फुल शर्ट लागतो. मृत्युपत्राचा मसुदा त्यांनी स्वतःच केला होता आणि तो हुबेहूब बँकेच्या परिपत्रकासारखा होता. अकरा वाजता कर्नल श्यामराव साक्षीदार म्हणून यायचे होते. ते लष्करात डॉक्टर होते. शेवटचं पोस्टिंग फोर्ट विल्यमला झालं आणि मग आमच्यासारखेच इथे राहून गेले. बाबांची बुद्धी शाबूत आहे, असा दाखलाही तेच देणार होते.

“परिच्छेद पाच,” बाबा वाचू लागले. “बालीगंज येथील सदनिका विकून येणारी रक्कम उभय अपत्यांत समसमान.”

“विकून? आत्ताच?” मी म्हणालो.

“मी असतानाच. मागाहून तुम्ही भांडाल.”

“आम्ही कशाला भांडू?” ताई आणि मी एकदम म्हणालो आणि एकमेकांकडे संशयाने पाहिलं.

“खालच्या मजल्यावरचे दत्तबाबू घ्यायला तयार आहेत. उद्या संध्याकाळी त्यांना शब्द द्यायचाय. आता परिच्छेद सहा. पितळी भांडी मधूकडे. चांदीची अजेयकडे, पण चांदी कमी असल्यामुळे देव्हाराही त्याच्याकडे.” बाबांनी चष्मा पुसला. “परिच्छेद सात. सौभाग्यवती प्रेमलता.”

आई कोपऱ्यातल्या मोड्यावर, म्हणजे वेताच्या बुटक्या बैठकीवर, बसून कचोरीसाठी मटार सोलत होती. तिचा हात थांबला.

“वाचा की,” ती म्हणाली.

“आश्विन ते फाल्गुन अजेयकडे, न्यू टाउन. चैत्र ते भाद्रपद मधूकडे, पुणे. मी आहे तोवर मीही बरोबर. मागाहून एकटी.”

हरकत घ्यायला जागा नव्हती, कारण वाटणी खरोखरच समान होती.

“आणि अधिक महिना?” आईने विचारलं.

बाबा गडबडले. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांना एवढा बिनतोड शेरा कुठल्याही ऑडिटरने मारला नव्हता. “तो... अधिकात जावयाला अनारसे द्यायचे असतात. तेव्हा मधूकडे असलेलं सोयीचं.”

“बाबा, अधिक महिना बहुतेक वेळा माझ्याच सहामाहीत येतो,” ताई म्हणाली. “माझी ना नाही. आपलं एक सांगितलं.”

“भांड्यांनंतर माझा नंबर लागला ना?” आई म्हणाली. “मग एवढं सांगा, मी पितळेत की चांदीत?”

नूपुर फिस्सकन हसली. ती इथेच जन्मली आणि इथेच वाढली, त्यामुळे तिचं मराठी बंगाली वळणाने चालतं आणि आजोबांना ती दादू म्हणते. “दादू, आजी कुठे पण नाही जाणार. आजी तर इथलीच आहे ना.”

“तुला कळत नाही, बाळा,” ताई म्हणाली.

“हो, मला नाही कळत. आजीला पण नाही कळत. मग तुम्ही आजीला विचारला का?”

“विचारलंत का,” ताईने दुरुस्त केलं. ताई पुण्याची आहे.

ताईचंही चुकत होतं असं नाही. पहाटे फोन वाजला की तिचा जीव गोळा होतो. चुकून कंपनीवाल्याचा फोन असला तरी त्याला ती आधी “बाबा बरे आहेत ना?” असंच विचारते. विमानात तिने भाषण तयार केलं होतं. त्याचा आशय असा, की बाबांच्या तब्येतीला कलकत्त्याची हवा मानवत नाही. पुरावा असा, की गणपतीत ते तिच्याकडे राहिले तेव्हा ठणठणीत होते, आणि इकडे परतल्यावर चकरा सुरू झाल्या.

“पुण्याहून आल्यावर सुरू झाल्या म्हणजे पुण्यातच काहीतरी झालं असणार,” मी म्हणालो. “प्रवासाची दगदग. त्यात तू त्यांना रोज पर्वती चढवलीस.”

“एकदा! तेही अर्धी. आणि तू काय करतोस रे? रविवारी येऊन औषधाचा डबा भरतोस आणि फोटो काढून ग्रुपवर टाकतोस.”

हे खरं होतं. फोटो चांगला यावा म्हणून मी डबा खिडकीत नेऊन ठेवतो.

“त्यांना चक्कर सकाळी येते,” आई मटारांकडे बघत म्हणाली. “नाश्ता झाल्यावर. उठल्या उठल्या नाही येत. दुपारनंतरही नाही.”

“म्हणूनच म्हटलं होतं ना आई, नाश्ता हलका कर,” ताई म्हणाली.

गेले कित्येक दिवस आमच्या घरात उपमा, थालीपीठ आणि साबुदाण्याची खिचडी यांच्यावर याच संशयाने बंदी होती. बाबा ओट्स खात होते. ओट्स खाऊनही चक्कर आली तेव्हा त्यात दूध जास्त पडलं असं ठरलं.

यानंतर आमच्या कुटुंबातल्या युत्या ज्या वेगाने बदलल्या, तो सांगायला मला थोडी लाज वाटते. सुरुवातीला बाबा आणि ताई फ्लॅट विकण्याच्या बाजूने होते. आई, नूपुर आणि मी विरुद्ध. मी “आईबाबांचं घर इथेच” असं मोठ्या आवाजात म्हणत होतो. तेवढ्यात ताई म्हणाली, “मग तूच ये ना बालीगंजला राहायला. न्यू टाउनचा फ्लॅट भाड्याने दे. तुझ्या ऑफिसची बस इथूनही जातेच.”

मला एकदम बाबांच्या मसुद्यात बरंच तथ्य दिसू लागलं.

“तसं नाही,” मी म्हणालो. “पण मोकळी हवा, पुण्यातले डॉक्टर, मराठी माणसं... याचाही विचार करायला हवा.”

“आत्ता तर इथेच म्हणत होतास,” आई म्हणाली.

“आई, मी सगळ्या बाजू मांडतोय.”

सुरुची इतका वेळ चहा गाळत होती. ती लग्नापासून आमच्या सभांमध्ये चहाच गाळते; मत विचारलं की साखर विचारते. आज ती गाळणं हातात धरून म्हणाली, “आईबाबा कायमचेच आमच्याकडे आले तरी चालेल की. सहा महिने कशाला? एक खोली तशीही रिकामीच आहे.”

त्या खोलीत माझी व्यायामाची सायकल आहे. तिच्यावर कपडे वाळत असतात, पण म्हणून ती खोली रिकामी ठरत नाही. हे मी बोललो नाही. ताई मात्र लगेच बोलली. “कायमचे? म्हणजे मग माझे सहा महिने?” एका क्षणापूर्वी तिला आईबाबांची काळजी होती, आता तिला आईबाबांतला तिचा हिस्सा जाताना दिसत होता. मला तिचा राग आला नाही. मी त्याच क्षणी सायकलचा विचार करत होतो.

आई त्या वेळी कसला विचार करत होती ते तिने नंतर समोरच्या फ्लॅटमधल्या बोसमाशींना (माशी म्हणजे इथली मावशी) सांगितलं. बोसमाशींनी सुरुचीला सांगितलं, सुरुचीने मला. आईला गणपतीतलं पुणं आठवत होतं. तिथे ताईच्या सोसायटीत कोणीतरी तिला म्हणालं होतं, “काकू, तुमचं मराठी किती वेगळं आहे हो! इतकी वर्षं तिकडे असल्यामुळे का?” आणि मग तिच्या प्रत्येक वाक्यानंतर एकेक शब्द सुधारून दिला होता. बाबांची इथे बदली झाली ती तीन वर्षांसाठी, तेव्हा आई हावड्याला उतरून रडली होती. त्या पहिल्या रविवारी बाबा तिला आणि आम्हाला बागबाजारला घेऊन गेले. इंग्रजांच्या काळात आपल्या मराठा फौजांना अडवायला इथे खंदक खणला होता, ते दाखवायला. तिथे खंदक नव्हता. एक गल्ली होती आणि जिलबीचं दुकान होतं. आईने जिलबी खाल्ली आणि राहिली. बोसमाशी तिला अजून ‘बोर्गी’ म्हणतात, लुटारू मराठी फौजांच्या नावाने, आणि रोज दुपारी त्याच बोर्गीच्या घरी चहाला येतात. “पुण्यात माझं मराठी दुरुस्त करतात,” आई त्यांना म्हणाली, “इथे माझं बंगाली कोणी दुरुस्त करत नाही. नुसते हसतात. ते बरं.”

त्या सकाळी मात्र ती एवढंच म्हणाली, “चैत्रात बोसमाशींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. मी त्यांना सोबत येते म्हटलंय. चैत्र मला बदलून मिळेल का?”

बाबा मसुद्यात बघायला लागले. आईला उत्तर द्यायची वेळ आली की ते कागदात बघतात. ते माणूस म्हणून वाईट नाहीत. लहानपणी एका पेढ्याचे दोन तुकडे करताना ते सुरी वापरायचे, आणि एक तुकडा मोठा झालाच तर जास्तीचा भाग स्वतः खाऊन टाकायचे. कोणाचं मन दुखवायचं नाही, हे त्यांचं आयुष्यभराचं धोरण. आईचं दुखेल हे त्यांच्या लक्षात येत नाही, कारण आई त्यांच्या हिशेबी वाटून घेणाऱ्यांत कधी नव्हतीच.

कर्नल श्यामराव अकराला बरोबर आले. ते मूळचे साताऱ्याचे. बोलताना मराठी आणि छावणीतली हिंदी त्यांच्यात एका बराकीत राहतात.

“चला, जयप्रकाशराव. आधी डोकं तपासू, मग सही. शंभरातून सात वजा करत चला.”

“सरळ व्याजाने की चक्रवाढ?” बाबांनी विचारलं.

“डोकं ठीक आहे,” कर्नल म्हणाले. “आता तब्येत. चक्कर कधीपासून?”

“गणपतीनंतर,” ताई म्हणाली. “कलकत्त्याची हवा.”

“पुण्याहून आल्यावर,” मी म्हणालो. “दगदग.”

“भाई, मी पेशंटला विचारतोय.” त्यांनी बाबांच्या दंडाला पट्टा गुंडाळला, बसवून प्रेशर घेतलं, उभं करून घेतलं आणि पटकन परत बसवलं. चेहऱ्यावरची थट्टा गेली. “हे फार खाली आहे. उभं राहिल्यावर तर आणखी खाली. औषधं काय काय चालू आहेत?”

बाबा खुलले. हा विषय त्यांच्या तयारीचा होता. “प्रेमा, डबे आण जरा.”

आईने देव्हाऱ्याशेजारून दोन डबे आणले. एक माझा, निळा, सात कप्प्यांचा. दुसरा गुलाबी, तोही सात कप्प्यांचा, झाकणांवर ताईच्या अक्षरात सोम, मंगळ, बुध. मी तो पाहिला होता. त्यात व्हिटॅमिनं असतात अशी माझी समजूत होती. ताईनेही गणपतीत माझा डबा पाहिला होता. तिची समजूत अशी, की तिच्या डॉक्टरांनी नवीन औषध लिहून दिल्यावर तो बंद झाला.

“उठल्यावर मधूची,” बाबा कौतुकाने दाखवू लागले. “नाश्त्यानंतर अजेयची. एकही दिवस चुकवलेली नाही. ही पुण्याहून कुरियरने येते बरं का, आणि ही—”

कर्नलांनी दोन्हींची पाकिटं मागितली. चष्मा कपाळावर चढवून बारीक अक्षर वाचलं. मग दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवली.

“एकच आहे.”

“काय एकच?” ताईने विचारलं.

“औषध. कंपन्या दोन, नावं दोन, आत माल एकच. बीपीची गोळी. हा माणूस गणपतीपासून रोज डबल डोस घेतोय. हवेला कशाला नावं ठेवता?”

खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. मी ताईकडे पाहिलं, ताईने माझ्याकडे. लहानपणी खिडकीची काच फुटली की आम्ही असेच बघायचो. आज फुटायला बसले होते ते बाबा.

“बाबा,” ताईचा आवाज चिरकला, “तुम्ही मला सांगितलं का नाही, की अजेयचीही चालू आहे?”

“तू विचारलं नाहीस.”

“आणि मला?” मी म्हणालो.

“तुला वाईट वाटलं असतं,” बाबा म्हणाले. “मला वाटलं, बीपीच्याच असतील दोन्ही, पण दोघांनी एवढ्या प्रेमाने पाठवलेल्या. एकाची घ्यायची आणि दुसऱ्याची ठेवून द्यायची, हे बरं दिसतं का?”

ते इतकं साधेपणाने म्हणाले की ताई रडायला लागली. मलाही काहीतरी होऊ लागलं होतं, पण रडताना माझं नाक वाहतं आणि समोर कर्नल होते.

“मी म्हणत होते, नाश्त्यानंतर येते,” आई म्हणाली.

तिला उत्तर द्यायला यावेळी कोणाकडे कागद नव्हता.

“बरं, एक बंद करा, काय?” कर्नल म्हणाले. “चार दिवसांनी मी परत प्रेशर बघतो. कुठलीही एक.”

इथे खरं संकट उभं राहिलं. बाबा कधी निळ्या डब्याकडे बघत, कधी गुलाबीकडे. त्यांच्या कपाळावर घाम आला. “एक दिवसाआड चालेल का? विषम तारखेला मधूची, सम तारखेला—”

“आणि एकतीस तारखेनंतर एक आली की?” आई म्हणाली. “लागोपाठ दोन दिवस मधूची. तिला अधिक महिनाही जास्तच जातोय.”

नूपुर म्हणाली, “दादू, टॉस करू?”

“माझी बंद करा,” ताई डोळे पुसत म्हणाली.

“नाही, माझी करा,” मी म्हणालो. आम्हा दोघांत इतकं औदार्य यापूर्वी कधी पाहण्यात आलं नव्हतं, आणि त्याने बाबांची अडचण जास्तच वाढली.

आई उठली. मटारांचं ताट तिने सुरुचीच्या हातात दिलं. दोन्ही डब्यांची झाकणं एकेक करून उघडली, सगळ्या गोळ्या सालांच्या कागदात ओतल्या आणि पुरचुंडी बांधून पदरापाशी धरली.

“दोन्ही बंद. कर्नलसाहेब, तुम्ही लिहून द्या. कोपऱ्यावरच्या दुकानातून मी आणीन, मी देईन. कोणी पाठवायची नाही, कोणी भरायची नाही.” मग बाबांकडे वळून, “आणि तुम्ही. प्रेमाने दिलेली सोडवत नाही ना? मग मी गेल्या महिन्यात आवळ्याचं लोणचं दिलं ते कपाटामागे का सारलंत?”

“आंबट होतं,” असं बाबा नंतर मला म्हणाले.

“वहिनींचं बरोबर आहे,” कर्नल चिठ्ठी लिहीत म्हणाले.

“आणि दाखला?” बाबांनी विचारलं. “सही करून घेऊ की. मसुदा तयार आहे.”

कर्नलांनी पेन बंद केलं. “पोरांचं मन राखायला दोन गोळ्या खाणारा माणूस, जयप्रकाशराव. बुद्धी शाबूत असल्याचं मी आज तरी लिहून देत नाही. नूपुर सांगत होती, बायकोचे महिने पाडलेत म्हणे? तो परिच्छेद मी वाचला असता तर आधीच गेलो असतो.”

बाबांचा चेहरा उतरला. ते आईला हळूच म्हणाले, “प्रेमा, चैत्राचं... तू जा बोसबाईंबरोबर.”

“जाणारच आहे,” आई म्हणाली. “तुम्हीही या. रिक्षात मधे बसायला कोणीतरी लागतं.”

मसुदा टेबलावर होता. सुरुचीने त्यावर कचोऱ्यांचं ताट ठेवलं, गरम होतं म्हणून. परिच्छेद सातवर तेलाचा गोल उमटला. तो कोणी पुसायला गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई स्वतः खाली जाऊन दत्तबाबूंना नाही म्हणून आली. घरी ओट्सचं उरलेलं पाकीट तिने बोसमाशींना दिलं आणि सकाळी उपमा केला. ताई बुधवारी परत गेली. विमानतळावर मी तिला म्हणालो, यापुढे आपण एकमेकांना सगळं सांगायचं. ती हो म्हणाली. आत गेल्यावर तिने ते सुरुचीला फोन करून सांगितलं.

आईने कोपऱ्यावरून आणलेली गोळी तिसऱ्या कंपनीची आहे. आत औषध तेच आहे. चक्कर पुन्हा आलेली नाही.